चाळीस वह्या लावायच्या कशा?
संगणकाला हात न लावता प्राथमिक शाळेत संगणकशास्त्राची सुरुवात

चौथीच्या वर्गातल्या चाळीस वह्या तपासून झाल्या आहेत आणि त्या हजेरी क्रमांकानं लावायच्या आहेत. बाई दोन मुलांना उठवतात आणि गठ्ठा निम्मा-निम्मा वाटून देतात. दोघंही सारखीच हुशार, दोघांचे हातही सारखेच चपळ. तरी एकाचं काम चटकन उरकतं आणि दुसरा अजून जमिनीवर वह्या पसरून बसलेला असतो. शाळा धुळ्याच्या देवपुरातली असो की शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरची, हे प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं असतं. पण एकाला वेळ का लागतो आणि दुसऱ्याला का लागत नाही, हे कुणी मुलांना विचारत नाही.

दोघांच्या कामाच्या रीती वेगळ्या असतात, एवढंच त्याचं उत्तर. कुठल्या रीतीनं काम केलं तर किती पायऱ्या लागतात, ती रीत दर वेळी बरोबर उत्तर देते का, आणि ती दुसऱ्या कुणाला, अगदी अक्कल नसलेल्या यंत्रालाही, सांगता येईल का, या तीन प्रश्नांचा अभ्यास म्हणजे संगणकशास्त्राचा गाभा. अशा नेमक्या, पायरीपायरीनं सांगितलेल्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हातच्याची बेरीज हा अल्गोरिदमच आहे: एककापासून सुरू करा, बेरीज नऊच्या वर गेली तर हातचा पुढच्या घरात न्या, घरं संपेपर्यंत हेच करा. पहिली-दुसरीला शिकवणारे गुरुजी वर्षानुवर्षं अल्गोरिदम शिकवत आले आहेत.

म्हणून “आमच्या शाळेत एकच संगणक, तोही ऑफिसात माहिती भरायला, आम्ही काय संगणकशास्त्र शिकवणार?” ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. वह्या, खडू, पुठ्ठ्याचे तुकडे आणि व्हरांड्यातली फरशी एवढ्यावर पहिलं वर्ष सहज निघतं.

वह्या लावायच्या तीन रीती

मुलांना आधी त्यांच्या मनानं वह्या लावू द्या. बहुतेक जण पहिली रीत वापरतात: एकेक वही उचलायची आणि हातातल्या लावलेल्या वह्यांत तिची जागा शोधून ती घुसवायची. आता एका मुलाला फळ्यावर रेघा मारायला उभं करा. दोन वह्यांचे क्रमांक एकमेकांशी ताडून पाहिले की एक रेघ. दुसऱ्या वहीला जास्तीत जास्त एकदा ताडावं लागतं, तिसरीला दोनदा, चाळिसावीला एकोणचाळीसदा. १ ते ३९ ची बेरीज ७८०. गठ्ठा वाईट लागला तर इतक्या रेघा होतात. सहसा त्याच्या निम्म्याच्या आसपास होतात.

दुसरी रीत एखाद्या मुलीला आपोआप सुचते. ती आधी चार ढीग करते: १ ते १०, ११ ते २०, २१ ते ३० आणि ३१ ते ४०. प्रत्येक वही एकदाच बघून योग्य ढिगात टाकायची, म्हणजे ४० वेळा बघणं झालं. मग दहा-दहा वह्यांचा प्रत्येक ढीग पहिल्या रीतीनं लावायचा. दहा वह्यांना जास्तीत जास्त ४५ रेघा, चार ढिगांना १८०. सगळं मिळून २२०. वह्या त्याच आणि हातही तेच, पण काम एक तृतीयांशाहूनही कमी झालं.

तिसरी रीत सगळ्या वर्गाला कामाला लावते. प्रत्येकाच्या हातात एकच वही. शेजारच्या दोघांनी आपल्या वह्या ताडून लहान क्रमांक वर ठेवायचा, की वीस जोड्या तयार. मग दोन जोड्यांनी एकत्र यायचं. इथं खुबी अशी की दोन्ही गठ्ठे आधीच लावलेले असल्यामुळे फक्त वरच्या दोन वह्या ताडायच्या आणि लहान क्रमांकाची काढून घ्यायची. चारांचे गठ्ठे, मग आठांचे, मग सोळांचे, असं करत शेवटी चाळिसांचा एकच गठ्ठा. रेघा मोजा: जोड्यांना २०, चौकड्यांना ३०, आठांच्या गठ्ठ्यांना ३५, सोळांच्या दोन गठ्ठ्यांना ३०, बत्तिसाला ३१ आणि शेवटी उरलेल्या आठ वह्या मिसळताना ३९. एकूण जास्तीत जास्त १८५.

२२० आणि १८५ यांत फारसा फरक नाही, मग तिसऱ्या रीतीचा एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर बाईंनी विचारावा. ढिगांच्या रीतीला क्रमांक १ ते ४० आहेत हे आधी माहीत असावं लागतं. जोडत जाण्याच्या रीतीला काहीच माहीत असावं लागत नाही. शिवाय एकाच वेळी अनेक हात काम करू शकतात, आणि खरा फरक गठ्ठा वाढला की दिसतो. चाळिसाच्या जागी ४०० वह्या घ्या. वह्या दहापट झाल्या, पण पहिल्या रीतीच्या रेघा ७८० वरून ७९,८०० वर, म्हणजे शंभरपटीहूनही पुढे गेल्या. जोडत जाण्याच्या रीतीला सव्वातीन हजारसुद्धा लागत नाहीत. राज्यात दहावीच्या परीक्षेला पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात. त्यांची गुणवत्ता यादी पहिल्या रीतीनं लावायची तर ताडण्याची संख्या एक लाख कोटींच्या पुढे जाऊ शकते. तिसरीनं ती तीन कोटींच्या घरात आवरते. यंत्र कितीही वेगवान आणलं तरी रीत वाईट असेल तर ते दमतं, ही गोष्ट चौथीच्या मुलाला रेघा मोजून कळते.

शोधायचं असेल तर आधी लावायचं

पण वह्या लावायच्याच कशाला? शोधणं सोपं व्हावं म्हणून. धुळ्याच्या जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. तिसरी गल्ली सापडली की चौथी कुठे, हे विचारावं लागत नाही. नंबरांचा क्रम हीच तिथं माहिती असते.

वर्गात हा खेळ असा घ्या. एका मुलानं १ ते ४० मधला एक क्रमांक मनात धरायचा. बाकीच्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला मुलं “सतरा आहे का?”, “एकोणतीस आहे का?” असे नेम मारतात. थोड्या वेळानं कुणीतरी “विसापेक्षा मोठा आहे का?” विचारतं आणि एका फटक्यात निम्मे क्रमांक बाद होतात. दर प्रश्नाला निम्मे बाद करत गेलं तर चाळिसांतला कुठलाही क्रमांक सहा प्रश्नांत हाती लागतो. पंधरा लाख क्रमांक असले तरी एकवीस प्रश्न पुरतात. अट एकच: यादी क्रमानं लावलेली हवी.

याचाच दुसरा नमुना शाळेच्या प्रत्येक कागदावर छापलेला असतो. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढचे दोन जिल्ह्याचे: नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. त्यापुढचे दोन तालुक्याचे, नंतरचे तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. देशभरातल्या लाखो शाळांतून तुमची शाळा शोधायला संगणक सगळी यादी वाचत बसत नाही. २७०२ वाचताच बाकी देश बाजूला पडतो. मुलांना फळ्यावर हे झाड काढू द्या: बुंध्याला राज्य, फांद्यांना जिल्हे, डहाळ्यांना तालुके आणि गावं, पानाला शाळा. संगणकातली फोल्डरांत ठेवलेली माहितीही अशाच झाडावर टांगलेली असते. परिसर अभ्यासाच्या तासाला हे चपखल बसतं.

छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर

संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोन खुणांत जगभरचे आकडे कसे मावतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. यासाठी आजोबांच्या काळातला तराजू फार उपयोगी पडतो.

दशमान वजनं येण्याआधी किराणा दुकानात शेराचा हिशेब चाले. १६ छटाकांचा एक शेर, अर्ध्या शेराचा अच्छेर म्हणजे ८ छटाक, पावशेर म्हणजे ४, अदपाव (काही जण त्याला नवटाक म्हणत) म्हणजे २, आणि सगळ्यांत लहान छटाक. म्हणजे वजनं झाली १, २, ४, ८ आणि १६ छटाकांची. दुकानदाराकडं प्रत्येकी एकच वजन असलं, तरी तो १ ते ३१ छटाकांपर्यंतचं कुठलंही माप तोलू शकतो. तेरा छटाक हवेत? अच्छेर, पावशेर आणि छटाक पारड्यात टाका. एकवीस हवेत? शेर, पावशेर, छटाक. प्रत्येक वजनाबद्दल एकच प्रश्न असतो: पारड्यात ठेवायचं की नाही? ‘ठेवलं’ म्हणजे १, ‘नाही ठेवलं’ म्हणजे ०. झाली द्विमान पद्धत. अशा प्रत्येक ‘ठेवलं किंवा नाही’ला बिट म्हणतात.

वर्गात पाच मुलं एका ओळीत उभी करा. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा. त्यावर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके, मागची बाजू कोरी. मोठा पुठ्ठा वर्गाकडे बघताना डावीकडे. “तेरा दाखवा” म्हटलं की ८, ४ आणि १ वाल्यांनी ठिपके दाखवायचे, बाकीच्यांनी कोरी बाजू. फळ्यावर लिहा: ०११०१. आता “एक दाखवा”, “दोन दाखवा” असं म्हणत शून्यापासून वर जा. एकच्या पुठ्ठ्याचं मूल दर आकड्याला उलटसुलट करून दमतं, सोळावालं मात्र निवांत असतं. का, हे मुलांनाच सांगू द्या. ३१ला सगळे ठिपके दिसतात आणि गाडी अडते. “आता?” विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर येतं, “अजून एक पोरगं लागंल, बत्तीसवालं.” सहावं मूल आलं की ६३ पर्यंत जाता येतं, दहा मुलं असली तर १०२३ पर्यंत. दरवेळी एकच मूल वाढतं आणि आवाका दुप्पट होतो.

‘धुळे’ संगणकाला कसं दिसतं?

आकड्यांचं ठीक आहे, अक्षरांचं काय? त्यासाठी जगभरात एक ठराव आहे, युनिकोड. प्रत्येक अक्षराला, कान्यामात्रालासुद्धा, एक क्रमांक दिलेला असतो. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, ‘ग’चा २३२७, असा वर्णमालेच्या क्रमानं. तुम्ही मोबाईलवर ‘धुळे’ टाइप करता तेव्हा यंत्राला चार क्रमांक मिळतात: ‘ध’साठी २३४३, उकारासाठी २३६९, ‘ळ’साठी २३५५ आणि मात्रेसाठी २३७५. वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, यंत्राला चार आकडे. यातला प्रत्येक आकडा दाखवायला पुठ्ठे धरलेली बारा मुलं लागतील, कारण अकरा मुलं २०४७ पर्यंतच जातात.

इथं चाणाक्ष मुलांसाठी एक गंमत आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ शेवटी, ‘ह’च्या पुढे येतो. युनिकोडमध्ये मात्र त्याची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. समजा हजेरीपटावर ‘कावेरी’ आणि ‘काळू’ अशी दोन नावं आहेत. मराठी शब्दकोशाच्या क्रमानं कावेरी आधी येईल. पण यंत्रानं नुसते क्रमांक ताडून यादी लावली, तर काळू आधी येईल. यंत्राच्या लेखी ही चूक नाही, कारण त्याला आकड्यांपलीकडचं काही दिसत नाही. मराठी क्रम हवा असेल तर तसा वेगळा नियम त्याला कुणीतरी माणसानंच लिहून द्यावा लागतो. “संगणक कधी चुकत नाही” असं मुलं ऐकत मोठी होतात. त्या समजुतीला टाचणी लावायला हे उदाहरण पुरेसं आहे.

क्यूआर कोड डागाळला तरी कसा चालतो?

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापलेला असतो. त्याच्यावर तेलाचा डाग पडला, शाईचा ठिपका आला, तरी मोबाईल बहुधा तो वाचतो. पुसलेली माहिती तो कुठून आणतो?

यासाठी एक जादू करून दाखवा. पुठ्ठ्याचे ३६ चौकोनी तुकडे घ्या, एक बाजू पांढरी, दुसरी रंगवलेली. एका मुलाला त्यातले पंचवीस तुकडे पाच ओळी आणि पाच रांगांत त्याच्या मनाला येतील तसे मांडू द्या. काही पांढरे, काही रंगीत. मग “थोडं अवघड करू” म्हणत तुम्ही सहावी ओळ आणि सहावी रांग लावा. लावताना प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत रंगीत तुकड्यांची संख्या सम होईल याची काळजी घ्या. हे कुणाला सांगू नका. आता पाठ फिरवा, मुलानं कुठलाही एक तुकडा उलटा करायचा. तुम्ही वळून बघता: एका ओळीत आणि एका रांगेत रंगीत तुकडे विषम झालेले असतात. ती ओळ आणि ती रांग जिथं भेटते, तोच उलटवलेला तुकडा.

वर्गात गलका होतो. लगेच गुपित फोडू नका. दोन-तीनदा करून दाखवा आणि मुलांना शोधू द्या. सापडलं की पुढचा प्रश्न टाका: दोन तुकडे उलटवले तर? काहीतरी बदललं आहे हे कळतं, पण नेमके कोणते तुकडे, हे सांगता येत नाही. आयताच्या चार कोपऱ्यांवरचे चार तुकडे उलटवले तर? सगळ्या ओळी पुन्हा सम होतात आणि जादूगार फसतो. कुठल्याही रीतीची मर्यादा शोधणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

माहितीसोबत थोडी जास्तीची माहिती मुद्दाम जोडायची, म्हणजे बिघाड पकडता येतो आणि कधी दुरुस्तही करता येतो, हे यातलं तत्त्व. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यात तो मळणार हे गृहीत होतं, म्हणून त्यात याहून कितीतरी तगडं गणित आहे. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के माहिती खराब झाली तरी ती परत मिळवता येते. आधार क्रमांकाचा बारावा अंकसुद्धा असाच राखणदार आहे. आधीच्या अकरा अंकांवरून तो काढलेला असतो, म्हणून टाइप करताना एखादा अंक चुकला तर यंत्र तिथल्या तिथं अडवतं.

फरशीवरचा रोबो

आता आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम. व्हरांड्यातल्या चौकोनी फरश्यांवर एका मुलाला रोबो करून उभं करा. तीन-चार फरश्या पुढे खडूनं एक खूण करा आणि मध्ये दप्तराचा अडथळा ठेवा. आज्ञा तीनच: ‘पुढे’ म्हणजे एक फरशी पुढे, ‘उजवीकडे’ म्हणजे जागच्या जागी उजवीकडे वळणं, ‘डावीकडे’ म्हणजे तसंच डावीकडे. बाकीच्या मुलांनी गट करून आज्ञांची यादी आधी पाटीवर लिहायची. मग एकानं वाचायची आणि रोबोनं आपलं डोकं अजिबात न वापरता तेवढंच करायचं.

पहिल्या फेरीत जवळपास प्रत्येक गटाचा रोबो भिंतीवर किंवा दप्तरावर जातो. मुलांनी ‘उजवीकडे’ लिहिलेलं असतं, मनात मात्र ‘उजवीकडे वळून एक पाऊल टाक’ असतं. किंवा रोबो आपल्याकडे तोंड करून उभा असल्यानं त्याचा उजवा आणि आपला उजवा यांत गोंधळ होतो. इथं बाईंनी उत्तर देऊ नये. कुठल्या ओळीपाशी गडबड झाली, एवढंच विचारावं. चूक शोधून तीच ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवून बघायचं. चुकीला बग म्हणतात आणि ती शोधून काढण्याला डिबगिंग. गणिताच्या वहीत चुकलेलं उत्तर खोडून टाकायचं असतं; इथं चुकीचा माग काढणं हेच काम असतं. चुकण्याची भीती असलेली मुलंही या खेळात बोलायला लागतात.

खान्देशातल्या बऱ्याच मुलांची घरची बोली अहिराणी असते. आज्ञा अहिराणीतून दिल्या तरी काही बिघडत नाही. एका शब्दाला एकच क्रिया, एवढा नियम पाळला म्हणजे झालं.

दुसऱ्या फेरीत रोबोला चौकोनी फेरी मारून मूळ जागी यायला सांगा. मुलं ‘पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे’ हे चारदा लिहितात. कुणीतरी कंटाळून म्हणतं, “तेच तेच लिहिण्यापेक्षा ‘हे चार वेळा कर’ म्हणू का?” म्हणू द्या. त्यानं स्वतःच लूप शोधून काढलेला असतो. तिसऱ्या फेरीत ‘समोर दप्तर असेल तर उजवीकडे, नाहीतर पुढे’ अशी अट आणा. एकापाठोपाठ एक आज्ञा, पुनरावृत्ती आणि अट: जगातला कुठलाही प्रोग्रॅम मुळात या तीन गोष्टींवर उभा असतो.

चौकट: पहिले पाच तास

- पहिला तास, वह्या लावणे. साहित्य: वर्गाच्या वह्या, खडू. प्रश्न: कोणत्या रीतीनं रेघा कमी लागल्या? वह्या दहापट झाल्या तर?
- दुसरा तास, मनातला क्रमांक. साहित्य: काही नाही. प्रश्न: पहिला प्रश्न कोणता विचारावा आणि का?
- तिसरा तास, ठिपक्यांचे पुठ्ठे. साहित्य: पाच पुठ्ठे. प्रश्न: आजची तारीख पुठ्ठ्यांत दाखवा. एकही पुठ्ठा न वाढवता ३२ दाखवता येईल का?
- चौथा तास, तुकड्यांची जादू. साहित्य: ३६ दोनरंगी तुकडे. प्रश्न: जादू कधी फसते?
- पाचवा तास, फरशीवरचा रोबो. साहित्य: खडू, दप्तर. प्रश्न: कुठल्या ओळीपाशी चुकलं?

ही वाट आधी मळलेली आहे

असे खेळ जगभर खेळले जातात. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी माइक फेलोज व इयन विटन यांनी १९९०च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकवणाऱ्या खेळांचा संग्रह केला. ठिपक्यांचे पुठ्ठे आणि उलटवलेल्या तुकड्याची जादू त्यातूनच शाळाशाळांत पोचली. त्याआधी, १९६७ मध्ये, सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा रचली होती. पुढं जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव या भाषेतल्या आज्ञा पाळू लागलं. व्हरांड्यातला रोबो त्याच कासवाचा भाऊ.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकारानं ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकमाला तयार झाली. तेजस, ज्योती आणि मोझ नावाचा उंदीर यांच्या गप्पांतून ती पायरीपायरीनं विचार करायला शिकवते. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा भर संगणकाविना करायच्या कृतींवरच आहे. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धा हाच उपक्रम भारतात घेतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही संगणकीय विचारपद्धतीचा उल्लेख आहे आणि कोडिंगच्या कृती सहावीपासून पुढच्या टप्प्यात सुचवल्या आहेत. म्हणजे प्राथमिकच्या बाईंकडे मशागतीचं काम आलं.

धुळे जिल्ह्याला यात एक जमेची बाजू आहे. गेल्या दशकात, मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकारानं इथल्या जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. गावानं मोठा वाटा उचलायचा आणि उरलेला बाहेरून घालायचा, अशी ती रीत होती. पडद्यावर कविता आणि चित्रफिती दाखवण्यासाठी आलेलं ते साहित्य मुलांना यंत्र ओळखीचं करून देतं. यंत्र आतून कसं चालतं, हे शिकवणं त्यापुढचं काम आहे, आणि पुठ्ठ्यांच्या खेळानंतर तोच पडदा अधिक कामाला येतो: मुलांनी फरशीवर रचलेली आज्ञावली पाचवी-सहावीत ‘स्क्रॅच’सारख्या ठोकळ्यांच्या भाषेत सगळ्या वर्गासमोर चालवून बघता येते. नुसत्या पुठ्ठ्यांवर कायमचं थांबूनही चालणार नाही. आपण लिहिलेली आज्ञा खरं यंत्र पाळतं, हा अनुभव मुलाला कधीतरी मिळालाच पाहिजे.

द्विशिक्षकी शाळेत बसवायचं कसं?

दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेत नवा विषय म्हटला की पोटात गोळा येतो. अशैक्षणिक कामांचा बोजा वेगळाच. म्हणून याला विषय करूच नये. ठिपक्यांचे पुठ्ठे गणिताच्या तासाला, यू-डायसचं झाड परिसर अभ्यासाला, फरशीवरचा रोबो ‘आनंददायी शनिवारी’. चारही इयत्ता एकत्र बसत असतील तर उलट सोय होते: पहिलीच्या मुलांनी पुठ्ठे धरायचे, दुसरीनं ठिपके मोजायचे, तिसरी-चौथीनं पुढचा आकडा सांगायचा.

एक पथ्य मात्र पाळावं. ‘अल्गोरिदम म्हणजे काय?’ अशी व्याख्या पाठ करून घेतली की खेळ संपला. परीक्षाच घ्यायची तर अशी घ्या: एका मुलानं ओळखीच्या कामाची रीत, समजा वजाबाकीची किंवा शाळेच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाण्याची, कागदावर लिहायची. दुसऱ्या वर्गातल्या मुलानं तो कागद वाचून, काहीही न विचारता, तसंच करायचं. काम बरोबर झालं तर लिहिणारा पास. अडलं तर कागद त्याच्याकडे परत जातो आणि तो अडलेली ओळ दुरुस्त करून पुन्हा देतो. यात नापास कुणीच होत नाही, आणि गुण कुठं कापायचे हे बाईंना ठरवावंही लागत नाही.